कबूल केलेला गुन्हा मागे घेता येतो का?

हिवरा आश्रम म्हटले की शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम डोळ्यापुढे येतो. विवेकानंद जन्मोत्सव आठवतो, आणि त्या उत्सवात अफाट पंगतीला वाढला जाणारा पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसादही. याच गावात आश्रमाच्या शाळा आहेत, कृषी महाविद्यालय आहे. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले इथे शिकतात आणि त्यांतली कित्येक पोलीस भरतीची, सैन्य भरतीची स्वप्ने पाहतात. हा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. धुऱ्यावरून झालेली मारामारी, जुगारावरची धाड, दारूबंदीची केस, मोटारसायकलचा अपघात, यांपैकी काहीही एखाद्याला मेहकरच्या किंवा बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोर्टात पेशीला उभे करू शकते. तिथे तोंडून "कबूल आहे" निघून जाते, आणि ते परत कसे घ्यायचे हा प्रश्न बहुतेकांना घरी आल्यावर पडतो.

उत्तर आधीच सांगतो. न्यायाधीशांनी त्या कबुलीवर निकाल लिहून सही करेपर्यंत ती मागे घेण्याची विनंती करता येते. सही झाल्यावर त्या कोर्टाचे हात बांधले जातात आणि वरच्या कोर्टात जावे लागते. तिथली वाट अरुंद आहे, पण बंद नाही.

"दंड भरून मोकळा हो"

किरकोळ फौजदारी खटल्यात आरोपीला पहिला सल्ला मिळतो तो हाच. सल्ला देणारा वाईट असतो असे नाही. खटला चालला तर चार-पाच वर्षे पेशा, प्रत्येक पेशीला मजुरी बुडते, वकिलाची फी, साक्षीदार येत नाहीत म्हणून पुढची तारीख. त्यापेक्षा कबूल करा, हजार-दोन हजार दंड भरा, विषय संपला. लोक अदालतीच्या दिवशी तर अशी प्रकरणे भराभर निघतात. हे सगळे कोर्टाच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाला पटते, कारण त्याला संध्याकाळच्या गाडीने घरी परतायचे असते.

पण विषय संपत नाही. "गुन्हा कबूल" यावर झालेला दंडसुद्धा दोषसिद्धीच असते. कायद्याच्या दृष्टीने ती पूर्ण खटला चालून झालेल्या दोषसिद्धीइतकीच पक्की. फरक असला तर तो आरोपीच्या तोट्याचा, कारण अपिलाचा मोठा भाग त्याने आपल्याच तोंडाने गमावलेला असतो.

कोणापुढे दिलेली कबुली?

गावात "त्याने कबूल केले" हे वाक्य तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

पहिली, पोलिसांपुढची कबुली. ती आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पोलीस ठाण्यात सही केली म्हणून कोर्टात "कबूल" म्हणावेच लागते, हा गैरसमज मनातून काढून टाका.

दुसरी, तपास चालू असताना दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेला कबुलीजबाब. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६४, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३. हा पुरावा असतो. नंतर आरोपीने तो नाकारला तरी कागद नाहीसा होत नाही. तो स्वेच्छेने दिला होता का, एवढे कोर्ट तपासते आणि इतर पुराव्याचा आधार शोधते.

तिसरी, खटला सुरू होताना दोषारोप वाचून दाखवल्यावर न्यायाधीशांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर. कोर्टातले लोक हिला "प्ली" म्हणतात. पुढचे सगळे विवेचन हिच्याबद्दल आहे, कारण या एकाच कबुलीवर, एकही साक्षीदार न तपासता, शिक्षा होऊ शकते.

नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी सुरू झालेले खटले जुन्याच संहितेप्रमाणे पुढे चालतात. म्हणून खाली दोन्ही कलमे देतो आहे; तुमच्या कागदावर जे असेल ते पाहा.

न्यायाधीशांवरची जबाबदारी

सत्र न्यायालयातल्या खटल्यात जुने कलम २२९ (नवे २५२), वॉरंट खटल्यात २४१ (नवे २६४), समन्स खटल्यात २५२ (नवे २७५). तिन्ही ठिकाणी रचना सारखी आहे. आरोपीने गुन्हा मान्य केला तर न्यायाधीशांनी ते नोंदवलेच पाहिजे. मात्र त्यावरून दोषी ठरवायचे की नाही, हे त्यांच्या विवेकावर सोडले आहे. कबुली मिळाली म्हणून शिक्षा दिलीच पाहिजे असे कायदा कुठेही म्हणत नाही. कबुली मागे घेण्याची सगळी शक्यता याच मोकळ्या जागेत आहे. संहितेत "कबुली मागे घेणे" या नावाचे स्वतंत्र कलम नाही. तरीही कबुली नोंदवणे आणि दोषी ठरवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला "मला खटला लढवायचा आहे" असे म्हणता येते.

समन्स खटल्यात आणखी एक अट आहे. आरोपीचे उत्तर शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे असते. मद्रासकडच्या महंत कौशल्य दास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट म्हणजे निव्वळ उपचार नाही, ती पाळलीच पाहिजे, असे ठरवले. तो निकाल १९६६ च्या निकालसंग्रहात आहे. छापील नमुन्यावर "होय" एवढेच लिहून आरोपीचा अंगठा घेतला असेल, तर वरच्या कोर्टात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच.

आरोपीच्या शब्दांना एवढे महत्त्व का, हे धुऱ्याच्या भांडणावरून लगेच कळते. समजा, मारहाणीच्या आरोपावर शेतकरी म्हणतो, "हो साहेब, मारलं. पण त्यानं आधी माझ्या डोक्यात काठी घातली." ही गुन्ह्याची कबुली झालीच नाही. हा स्वसंरक्षणाचा बचाव आहे. या उत्तराच्या पुढे "गुन्हा कबूल" असे लिहिले गेले तर ते चुकीचे लिहिले गेले. माणूस कलम कबूल करत नसतो, घडलेली गोष्ट कबूल करत असतो. आणि त्या गोष्टीतून गुन्ह्याचे सगळे घटक उभे राहतात का, हे पाहणे न्यायाधीशांचे काम आहे.

जनरल वैद्य खटल्याने घालून दिलेली कसोटी

या विषयावरचा सर्वांत स्पष्ट निकाल महाराष्ट्रातल्या खटल्यातूनच आला. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. सुखदेवसिंग सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा या दोघांनी हत्या केल्याचे कोर्टात उघडपणे मान्य केले. तरी तेवढ्यावर खटला आटोपला नाही. साक्षीपुरावे झाले, १९८९ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना फाशीची शिक्षा दिली, १५ जुलै १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ९ ऑक्टोबर १९९२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली.

"महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुखदेवसिंग" या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कबुलीची कसोटी सांगितली. कबुली देणे म्हणजे गुन्हा ज्या ज्या वस्तुस्थितीने बनतो ती सगळी मान्य करणे. म्हणून ती स्पष्ट हवी, दुहेरी अर्थाची नको, अटी लावलेली नको. आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे आरोपीला समजले आहे, याची न्यायाधीशांना खात्री पटली पाहिजे. आणि तिच्यावर विसंबण्याआधी कोर्टाने सावधपणे पावले टाकली पाहिजेत. ज्यांच्या गुन्ह्याबद्दल शंकेला फारशी जागा नव्हती अशा आरोपींच्या खटल्यात कोर्टाने ही कसोटी लिहिली. मग अंगठा लावणाऱ्या मजुराला तिचा लाभ मिळू नये असे कोण म्हणेल? मेहकरच्या कोर्टात कबुली मागे घ्यायचा अर्ज करताना वकिलाने पहिल्यांदा ठेवायचा निकाल हाच.

कसाबची कबुली आणि नकार

कबुली देऊन ती फिरवण्याचे देशातले सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईतले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबने फेब्रुवारी २००९ मध्ये दंडाधिकाऱ्यांपुढे कबुलीजबाब दिला. पुढे तो जबरदस्तीने घेतल्याचे सांगून नाकारला. ६ मे २००९ रोजी आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात ८६ आरोप वाचून दाखवले, तेव्हा त्याने गुन्हा नाकबूल केला. खटला सुरू झाला. शंभरावर साक्षीदार तपासून झाले, आणि २० जुलैला तो अचानक उठून म्हणाला की मला गुन्हा कबूल आहे.

त्या क्षणी न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांच्यापुढे सोपा मार्ग होता. कबुली स्वीकारायची आणि खटला मिटवायचा. सगळा देश तेच ऐकायला उत्सुक होता. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांचे म्हणणे मात्र असे होते की ही कबुली अर्धवट आहे. स्वतःचा वाटा कमी दाखवून मारल्या गेलेल्या साथीदारावर भार टाकलेला आहे. न्यायाधीशांनी कसाबचे निवेदन नोंदीवर ठेवले, पण त्यावरून दोषी ठरवले नाही आणि २३ जुलैला खटला पुढे चालवण्याचा आदेश दिला.

तो निर्णय किती शहाणपणाचा होता हे डिसेंबरात दिसले. १८ डिसेंबर २००९ रोजी, आरोपीला पुराव्याबद्दल प्रश्न विचारण्याच्या टप्प्यावर (जुने कलम ३१३, नवे ३५१), कसाबने सगळे नाकारले. आपल्याला आधीच पकडून गोवले आहे, असे तो म्हणाला. जुलैतल्या कबुलीवर निकाल दिला असता तर या नकारामुळे निकालाच्या पायालाच प्रश्न चिकटला असता. तसे झाले नाही, कारण प्रत्यक्षदर्शी, छायाचित्रे आणि सीसीटीव्ही चित्रण यांचा स्वतंत्र डोंगर उभा होता. ३ मे २०१० रोजी तो दोषी ठरला, ६ मे रोजी फाशीची शिक्षा झाली, २१ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच खटल्यातल्या दोन भारतीय सहआरोपींची पुराव्याअभावी सुटका झाली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोर्ट पुरावा पाहत होते.

म्हणजे नकार दिला म्हणून सुटका होत नाही. सरकार पक्षाला आपली बाजू पुराव्याने सिद्ध करायला लावण्याचा हक्क तेवढा परत मिळतो. तो हक्क कसाबलाही होता, तर कोणालाही आहे.

उलट टोकाचे उदाहरण १८ मार्च १९२२ चे. अहमदाबादेत गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप मान्य केला. ॲडव्होकेट जनरल स्ट्रँगमन यांनी पूर्ण खटला चालवावा असा आग्रह धरला. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी तो न मानता कबुली स्वीकारली आणि सहा वर्षांची शिक्षा दिली. समजून-उमजून, विनाअट दिलेली कबुली कशी असते, हे त्या दिवशी दिसले. ती मागे घेण्याचा प्रश्नच आला नाही.

सही होण्याआधी काय करायचे

सत्र खटल्यात कबुली आणि निकाल यांच्यामध्ये दिवस जाऊ शकतात. किरकोळ खटल्यात मात्र सगळे त्याच दिवशी, कधी काही मिनिटांतच उरकते. म्हणून शंका आली की तिथल्या तिथे बोला. "साहेब, मला समजलं नव्हतं. मला गुन्हा कबूल नाही. मला वकील पाहिजे." एवढे पुरे. हे बोलायला इंग्रजी लागत नाही, कायद्याची भाषाही लागत नाही. महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि आरोप तुम्हाला समजेल असा सांगणे हे कोर्टाचे कर्तव्य आहे. घाबरून गप्प बसणे हेच सर्वांत महाग पडते.

वेळ मिळाला तर लेखी अर्ज द्या. त्यात कबुली कोणत्या तारखेला दिली, त्या वेळी वकील सोबत होता का, काय सांगून ती घेतली गेली आणि प्रत्यक्षात घटना काय होती, हे साध्या भाषेत लिहा. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. अर्जाला निशाणी क्रमांक पडला का ते पाहा, कारण पुढे वरच्या कोर्टात हाच कागद बोलतो. सरकारी वकिलांचे म्हणणे मागवले जाईल आणि न्यायाधीश अर्जावर आदेश करतील. परवानगी देणे त्यांच्या विवेकाचा भाग आहे. पण दोषी ठरवण्याआधी आलेला, प्रामाणिक कारण असलेला अर्ज फेटाळून जबरीने कबुलीवर दिलेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकवणे अवघड असते. अर्ज मंजूर झाला की साक्षीपुराव्याची तारीख पडते.

सही झाल्यावर

निकालावर सही झाली की त्याच न्यायाधीशांकडे परत जाऊन उपयोग नाही. लेखनातली चूक दुरुस्त करण्यापलीकडे त्यांना स्वतःच्या निकालाला हात लावता येत नाही (जुने कलम ३६२, नवे ४०३).

पुढचा अडथळा कलम ३७५, नवे ४१६. दंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीशांनी कबुलीवरून शिक्षा दिली असेल, तर शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यावरच अपील करता येते. "मी गुन्हा केलाच नाही" हा मुद्दा तिथे घेता येत नाही.

पण हे कलम खऱ्या कबुलीला लागू होते. जी कबुली समजून दिलेली नव्हती, दबावाने किंवा आश्वासनाने काढून घेतली होती, किंवा जिच्यातून गुन्हाच बनत नाही, ती कायद्याच्या अर्थाने कबुलीच नव्हे, असे म्हणून वरच्या कोर्टाचे दार ठोठावता येते. त्यासाठी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे पुनरीक्षण अर्ज (जुने ३९७ व ४०१, नवे ४३८ व ४४२), किंवा उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार (जुने ४८२, नवे ५२८). दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस, पुनरीक्षणाला ९० दिवस अशी मुदत आहे. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नये. कैदेची शिक्षा असेल तर निकालाची प्रत ताबडतोब आणि मोफत मिळण्याचा हक्क आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करेपर्यंत ती स्थगित करून घेण्याची सोय कलम ३८९ (नवे ४३०) मध्ये आहे.

वरच्या कोर्टाने कबुली रद्द केली की सामान्यतः प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत जाते आणि खटला त्या टप्प्यापासून चालतो. त्यात निर्दोष सुटता येते, तशी आधीपेक्षा जास्त शिक्षाही होऊ शकते. हे वकिलाने अशिलाला आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

कोणते कारण टिकते, कोणते नाही

आरोप समजलाच नाही, वकील नव्हता, कबुली दुसऱ्याच कोणी वदवून घेतली, उत्तरात बचाव होता, वस्तुस्थितीतून गुन्हा बनत नाही: ही कारणे कोर्ट ऐकते. भावांपैकी एकाने घर वाचावे म्हणून सगळे स्वतःवर घेतले, असेही खेड्यात होते. ते सिद्ध करणे कठीण, पण सांगण्यासारखे नक्कीच.

"वाटले होते त्यापेक्षा शिक्षा जास्त झाली" हे एकटे कारण बहुधा टिकत नाही. मात्र सौम्य शिक्षेचे आश्वासन देऊन कबुली घेतली असेल तर गोष्ट बदलते. थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक या १९८३ मधल्या प्रकाशित निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, थोडक्यात सुटशील असे सुचवून कबुली घ्यायची आणि मग वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवायची, हे संविधानाच्या अनुच्छेद २१ विरुद्ध आहे. शिक्षा वाढवायचीच असेल तर आधी दोषसिद्धी रद्द करून आरोपीला बचावाची संधी दिली पाहिजे. भिंतीपलीकडच्या अशा सौद्यांवर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७६ मध्ये, महाराष्ट्रातल्याच मुरलीधर मेघराज लोया यांच्या अन्नभेसळीच्या खटल्यात, कठोर शब्दांत टीका केली होती.

प्ली बार्गेनिंग वेगळे

५ जुलै २००६ पासून कायद्याने मान्य केलेला सौदा उपलब्ध आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत. स्त्रिया आणि बालकांविरुद्धचे गुन्हे आणि सामाजिक-आर्थिक गुन्हे वगळून. नव्या संहितेप्रमाणे दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. अर्ज स्वेच्छेने केला आहे का, हे न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड, दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून विचारतात. सौदा जुळला नाही तर खटला होता तिथून पुढे चालतो, आणि अर्जात सांगितलेल्या गोष्टी इतर कशासाठी वापरता येत नाहीत. ही सुरक्षितता साध्या कबुलीत नाही. पण निकाल लागल्यावर त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयातली रिट याचिका आणि सर्वोच्च न्यायालयातली विशेष अनुमती याचिका एवढेच उरते.

तुरुंगातून सुटण्यासाठी दिलेली कबुली

हे सांगताना जीव तुटतो. जामीन द्यायला जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस महिनोन्महिने आत राहतो. होणारी शिक्षा आधीच भोगून झालेली असते. मग तो कबूल करतो, "भोगलेली कैद हीच शिक्षा" असा आदेश होतो आणि तो घरी येतो, दोषी म्हणून. त्याला हे कोणी सांगितलेले नसते की नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, याआधी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचे असते. इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. याचा अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या प्रकरणांनाही ही सवलत लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. घरच्यांनी कबुलीची घाई करण्याआधी हे कलम वकिलापुढे ठेवावे.

दंडाच्या पावतीमागे काय येते

भरतीच्या चारित्र्य पडताळणी अर्जात "आपणास कधी शिक्षा झाली आहे काय" हा रकाना असतो. तिथे दंडही लिहावा लागतो. लपवला तर लपवल्याबद्दल नोकरी जाऊ शकते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे दारूबंदी कायद्याखाली दोषी ठरलेला माणूस सामान्यतः पाच वर्षे ग्रामपंचायतीचा सदस्य होऊ शकत नाही. काही गुन्ह्यांत पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५७ खाली हद्दपार करता येते. पाचशे रुपयांची पावती खिशात घालताना यातले काहीच दिसत नाही.

कबुली द्यायचीच ठरले, खरेच चूक झाली असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचा लाभ मागा. कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते, आणि कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे कोर्ट स्वतःहून देईलच असे नाही, मागावे लागते.

आणि धुऱ्याच्या भांडणात तर त्याआधी तडजोड पाहा. साधी मारहाण, शिवीगाळ, साधी धमकी (जुन्या दंडसंहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमे) हे गुन्हे फिर्यादीच्या संमतीने मिटवता येतात. कलम ३२०, नवे ३५९. अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. त्याच लोक अदालतीत, त्याच टेबलासमोर, एक जण "कबूल" म्हणून दोषी ठरतो आणि दुसरा फिर्यादीशी हात मिळवून निर्दोष बाहेर पडतो. दोघांचे भांडण सारखेच असते.

वकील, तोही फुकट

कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक मर्यादेच्या आतले उत्पन्न असलेले यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे मोफत वकील मिळतो. तालुक्याला विधी सेवा समिती आणि बुलढाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. कसाबच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सर्व दंडाधिकाऱ्यांना बजावले की आरोपीला पहिल्यांदा हजर केले जाते त्याच वेळी वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगा. तो कोणी सांगितला नसेल तर कबुलीच्या प्रश्नावर उत्तर देण्याआधी आरोपीने तो स्वतः मागावा. वकील मिळेपर्यंत पुढची तारीख मागायला हरकत नसते.

जुनी कबुली आता खुपत असेल तर पहिले काम एकच. कोर्टाच्या नकला विभागात अर्ज करून दोषारोप, कबुलीचा नमुना आणि निकाल या तिन्हींच्या प्रमाणित प्रती काढा. कबुलीच्या कागदावर तुमचे म्हणून जे शब्द लिहिले आहेत ते सावकाश वाचून घ्या, निकालाची तारीख पाहून मुदत मोजा आणि मगच वकिलाकडे जा.